फोर्ट लारामी (वायोमिंग): तट नसलेला किल्ला

गढीवाट (धागाकर्ता)

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या लष्करी ठाण्यांचा विषय निघाला की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: ओंडक्यांचा उंच तट, कोपऱ्यात बुरूज, आत घोडदळ. एका ठाण्याचा खरा इतिहास समोर ठेवून ते चित्र तपासावं, म्हणून हा धागा. ठाणं फोर्ट लारामी. वायोमिंगच्या आग्नेय भागात लारामी नदी नॉर्थ प्लॅट नदीला मिळते, तिथे. लारामी नावाचं शहर वेगळं आहे, ते इथून शंभरेक मैल नैर्ऋत्येला. सहल आखताना हा घोटाळा हमखास होतो.

एकाच नावाखाली इथे तीन वेगळ्या वास्तू झाल्या. 1834 मध्ये विल्यम सब्लेट आणि रॉबर्ट कॅम्पबेल या कातडी व्यापाऱ्यांनी कॉटनवुडच्या ओंडक्यांचं कुंपण घालून वखार बांधली, ती फोर्ट विल्यम. सिनेमातल्या चित्राशी जुळणारी वास्तू हीच, पण तिथे फौज नव्हती, कातड्यांचे गठ्ठे होते. कॉटनवुड हे नदीकाठचं मऊ लाकूड. ओल्या जमिनीत गाडलं की जमिनीलगत कुजायला लागतं. 1841 मध्ये अमेरिकन फर कंपनीने जवळच कच्च्या विटांची नवी वखार उभारली. कागदोपत्री तिचं नाव फोर्ट जॉन, पण लोक लारामीच म्हणत राहिले. शेजारी फोर्ट प्लॅट ही प्रतिस्पर्धी वखार उभी राहिली होती, हे नव्या बांधकामामागचं मोठं कारण. तोपर्यंत बीव्हर या पाणथळ प्राण्याच्या कातड्याचा धंदा बसला होता आणि गव्यांच्या (अमेरिकी बायसनच्या) कातड्यांचा सुरू झाला होता.

26 जून 1849 रोजी अमेरिकी सैन्याने ही वखार 4,000 डॉलरला विकत घेतली. व्यवहार लेफ्टनंट डॅनियल वुडबरी या इंजिनिअर अधिकाऱ्याने केला. मातीची ती गढी तेव्हाच ढासळत होती. सैन्याने तिची डागडुजी करत न बसता बाजूच्या मोकळ्या माळावर, परेडच्या मैदानाभोवती, सुट्या इमारती बांधायला घेतल्या. फोर्ट जॉनच्या भिंती 1860च्या दशकापर्यंत नाहीशा झाल्या. तट पुन्हा कधीच बांधला गेला नाही. आपल्या शब्दांत सांगायचं तर 1849 नंतरचं लारामी म्हणजे किल्ला नव्हे, छावणी.

माळरान

तट नव्हता तर हल्ला झाल्यावर काय करायचे?

गढीवाट

या ठाण्यावर थेट मोठा हल्ला कधी झालाच नाही. मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवासी टोळ्यांची लढाई ही वेगाची. रस्त्यावरचा तांडा, चरायला सोडलेले घोडे, तारेचे खांब, गवत कापायला गेलेली तुकडी ही त्यांची लक्ष्यं. दगडी कोठारात बसलेल्या पायदळावर माणसं घालवण्यात त्यांना फायदा नव्हता. तट बांधायचा तर इमारती लाकूड दूरच्या डोंगरातून ओढून आणावं लागणार आणि तेच लाकूड बराकींना, छपरांना, जळणाला हवं होतं. मोंटानातल्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन मार्गावरच्या फोर्ट फिल कर्नीला मात्र 1866 मध्ये खराखुरा लाकडी तट होता, कारण ते ठाणं लकोटांच्या (सू लोकांच्या एका शाखेच्या) शिकारीच्या मुलखाच्या ऐन मध्यावर बसवलं होतं. आणि 21 डिसेंबर 1866 रोजी टोळ्यांशी लढताना कॅप्टन फेटरमनसह 81 जण मेले ते त्या तटाच्या बाहेरच. तट असून लाकडासाठी रोज बाहेर जावंच लागत होतं.

धुरा

लारामीचं महत्त्व कळायला गाडीच्या चाकापासून सुरुवात करावी लागेल. मिसूरी नदीपासून ऑरेगॉनला जाणारी वाट सुमारे 2,000 मैलांची. मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावाहून निघालेला तांडा साधारण 650 मैल सपाटीवरून चालून लारामीला पोचायचा. इथून पुढे चढ सुरू. तोवर चाकांची अवस्था बिकट झालेली असायची. पूर्वेच्या दमट हवेत बनवलेलं लाकडी चाक मैदानातल्या कोरड्या हवेत आकसतं. पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे) आत येतात, आरे सैल होतात आणि धाव (घेरावरची लोखंडी पट्टी) निसटते.

तात्पुरता उपाय: रात्री चाक काढून नदीत बुडवून ठेवायचं किंवा धाव आणि पुठ्ठ्याच्या मध्ये लाकडी पाचरी ठोकायच्या. दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच. पक्का उपाय: धाव काढून थोडी कापायची, तापवून जोडायची, लाल होईपर्यंत शेकायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते आणि सगळे सांधे घट्ट बसतात. आपल्याकडे बैलगाडीला धाव चढवतात तेच काम. यासाठी भट्टी, ऐरण आणि लोहार लागतो आणि शेकडो मैलांच्या टप्प्यात तो इथेच मिळायचा. दमलेले दोन बैल देऊन एक ताजा बैल घेणं, जड सामान टाकून देणं, पत्र टाकणं, हेही इथेच. 1850च्या एका हंगामात सुमारे 50,000 माणसं या ठाण्यावरून गेली. त्या वर्षांत प्लॅटच्या वाटेवर सर्वांत जास्त बळी कॉलऱ्याने घेतले, टोळ्यांच्या हल्ल्यांनी नव्हे. एकाच काठावर मुक्काम, तिथेच शौच, त्याच उथळ खड्ड्यातलं पाणी.

कोठीवाले

धुरा यांनी वाटेने जाणाऱ्यांचं सांगितलं, मी ठाण्याच्या पोटाचं सांगतो. सैन्याचा शिधा नियमाने ठरलेला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरच्या काळात माणशी रोज: 12 औंस डुकराचं खारं मांस किंवा बेकन, नाहीतर 20 औंस गोमांस, 18 औंस पाव किंवा पीठ, नाहीतर 12 औंस कडक बिस्किट. शंभर माणसांमागे 15 पौंड घेवडा किंवा 10 पौंड तांदूळ, 10 पौंड कच्ची कॉफी, 15 पौंड साखर, 4 पौंड साबण. भाजी, फळ, दूध, लोणी काहीच नाही. त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा उघडायच्या. स्कर्व्हीची ही लक्षणं सर्वच सरहद्दी ठाण्यांवर दिसत. उपाय म्हणजे नदीकाठची सरकारी भाजीबाग. पण पाऊस अपुरा, टोळधाड आणि उशिराचं हिम, त्यामुळे बागेचा भरवसा नसे.

घोड्याचा शिधा दिवसाला 14 पौंड वाळलेलं गवत आणि 12 पौंड धान्य. खेचराला गवत तेवढंच, धान्य 9 पौंड. आता एका कंपनीचे 60 घोडे धरा. गवत दिवसाला 840 पौंड, वर्षाला तीन लाख पौंडांच्या वर. ते आसपास कापता येतं. धान्य दिवसाला 720 पौंड, वर्षाला 2,62,800 पौंड, ते बाहेरूनच येणार. बैलांची मालगाडी साधारण 5,000 पौंड ओढते असं धरलं, तर फक्त 60 घोड्यांच्या धान्याला वर्षाला 52-53 गाड्या. रेल्वे येण्याआधी या गाड्या कॅन्ससमधल्या फोर्ट लेवनवर्थहून सुमारे 650 मैल यायच्या, दिवसाला 12 ते 15 मैल, म्हणजे दीड-दोन महिने. आणि यायच्या फक्त उन्हाळ्यात, वाटेवर गवत असेपर्यंत. 1850च्या दशकात सरहद्दीवर पायदळ का जास्त ठेवलं, याचं उत्तर या हिशेबात आहे. पायदळ शत्रूला गाठू शकत नव्हतं, पण पोसायला परवडत होतं.

कणीक

कोठीवाले यांनी "18 औंस पाव किंवा पीठ" असं लिहिलंय, त्या 'किंवा'त मोठी गंमत दडलेली आहे, ती सुटू नये. पिठाचा पाव केला की पाण्यामुळे वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. शंभर माणसांना 18 औंसांप्रमाणे 112 पौंड 8 औंस पीठ मिळतं. तेवढ्याच वजनाचा पाव वाटायला पीठ लागतं सुमारे 84 पौंड. म्हणजे रोज शंभर माणसांमागे 28 पौंड पीठ शिल्लक. ही शिल्लक विकून येणारा पैसा ठाण्याच्या निधीत जायचा आणि त्यातून भाजीचं बियाणं, वाचनालयाची पुस्तकं, वर्तमानपत्रं घेतली जायची. म्हणून प्रत्येक ठाण्याला स्वतःची भट्टी असणं इतकं महत्त्वाचं होतं. लारामीला 1876 आणि 1884 अशा दोन काळातल्या बेकरीच्या वास्तू आजही दाखवतात.

कोठीवाले

बरोबर, हे राहिलंच होतं. फक्त 'गंमत' हा शब्द शिपायाच्या बाजूने खटकतो. कच्चा, दमट पाव वजनाला जास्त भरतो, त्यामुळे भट्टीवाल्याला पाव कमी भाजण्याचा मोह होतो. तसा पाव आंबूस होतो, पोट बिघडवतो. ताजा पाव वाटू नये, एक दिवस शिळा करून वाटावा, असं लष्करी डॉक्टर सांगत ते याचसाठी. 1870च्या दशकात साध्या शिपायाचा पगार महिना 13 डॉलर होता. पोस्ट ट्रेडरच्या (ठाण्यावरच्या परवानाधारक व्यापाऱ्याच्या) दुकानातून चीज किंवा फळांचे डबे घेणं त्याला रोज परवडणारं नव्हतं.

सरहद्द

ठाण्याचा हिशेबी इतिहास आवडला, पण लारामीचं नाव अमेरिकेच्या इतिहासात गाजतं ते एका गायीमुळे आणि दोन करारांमुळे. क्रमाने लिहितो.

पहिला करार 1851 चा. स्थलांतरितांच्या गाड्यांनी गवत संपवलं, गवे पांगले, म्हणून सरकारने मैदानी टोळ्यांना बोलावलं. सुमारे 10,000 लोक आले: लकोटा, शायेन, अरापाहो, क्रो आणि इतर. त्यांच्या घोड्यांना पुरेल एवढं गवत लारामीला नव्हतं, म्हणून सभा तीसेक मैल खाली हॉर्स क्रीकला हलवावी लागली. 17 सप्टेंबरला सह्या झाल्या. रस्ता आणि ठाणी बांधायचा हक्क सरकारला, बदल्यात दरवर्षी 50,000 डॉलरचा माल 50 वर्षं. वॉशिंग्टनमध्ये सिनेटने ही मुदत 10 वर्षांवर आणली, वर राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर 5 वर्षं. ज्यांनी अंगठे उठवले होते त्यांनी 50 ऐकलं होतं. दुसरी चूक अशी की सरकारने प्रत्येक टोळीचा एक 'मुख्य' नेमला. लकोटांमध्ये असा सर्वांवर हुकूम चालवणारा माणूस नसतोच. लकोटांच्या ब्रुले शाखेतल्या कॉन्करिंग बेअरला ते पद दिलं.

ऑगस्ट 1854. ठरलेल्या मालाची वाट पाहत हजारो लकोटा ठाण्याच्या खाली आठेक मैलांवर थांबलेले. खायला कमी. मॉर्मन पंथाच्या स्थलांतरितांच्या तांड्याची एक लंगडी गाय छावणीत शिरली आणि हाय फोरहेड नावाच्या मिनीकोंजू (लकोटांच्याच दुसऱ्या शाखेतल्या) पाहुण्याने ती मारली. कॉन्करिंग बेअरने भरपाईला घोडा देऊ केला. कायद्याने हा प्रश्न इंडियन एजंटाचा (टोळ्यांशी व्यवहार पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा) होता, भरपाई वार्षिक मालातून वळती करता आली असती. पण एजंट अजून पोचला नव्हता आणि ठाण्यावर 6व्या पायदळाची एकच कंपनी, तीही तरुण लेफ्टनंट फ्लेमिंगच्या हाताखाली. 19 ऑगस्टला लेफ्टनंट जॉन ग्रॅटन 29 शिपाई, दोन तोफा आणि एक दुभाषा घेऊन हाय फोरहेडला पकडायला गेला. दुभाषा दारू प्यायलेला, तो वाटभर लकोटांना शिव्या देत गेला. बोलणी फिसकटली, गोळ्या सुटल्या, कॉन्करिंग बेअर जबर जखमी झाला. ग्रॅटनसह सगळी तुकडी मारली गेली. कॉन्करिंग बेअरही त्या जखमांनी गेला. पुढच्या वर्षी 3 सप्टेंबरला जनरल हार्नीने ब्लू वॉटर क्रीकवर लकोटांच्या एका छावणीवर हल्ला केला, त्यात बायकामुलंही मेली.

मला इथे एकच म्हणायचं आहे: 31 माणसं 'शूर पण उतावळ्या अधिकाऱ्यामुळे' मेली एवढ्यावर हा विषय मिटवू नये. भरपाईचा रस्ता कायद्यात होता, तो वापरायला माणूस जागेवर नव्हता आणि जो जागेवर होता त्याच्या हातात तोफ होती.

माळरान

आणि दुसरा करार? 1868 चा? तो अजून कोर्टात जिवंत आहे असे वाचले आहे.

सरहद्द

हो. 1866 मध्ये याच ठाण्यावर बोझमन मार्गासाठी वाटाघाटी चालू असताना कर्नल कॅरिंग्टन त्या मार्गावर ठाणी बांधायला फौज घेऊन येऊन पोचला. परवानगी मागणं चालू असताना फौज दारात, हे पाहून लकोटांचा नेता रेड क्लाउड उठून गेला. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या लढाईत सरकारला माघार घ्यावी लागली. 1868 च्या करारात ती लेखी आहे. कलम 16 प्रमाणे बोझमन मार्गावरची ठाणी सोडायची. कलम 2 प्रमाणे मिसूरी नदीच्या पश्चिमेचा ग्रेट सू प्रदेश, ब्लॅक हिल्स या डोंगरांसकट, सू लोकांचा. कलम 12 प्रमाणे त्यातला तुकडाही घ्यायचा तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात. पहिल्या सह्या एप्रिलमध्ये झाल्या. रेड क्लाउडने ठाणी रिकामी होऊन जाळली जाईपर्यंत वाट पाहिली आणि नोव्हेंबरमध्ये लारामीला येऊन सही केली.

1874 मध्ये ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं. 1877 मध्ये संसदेने कायदा करून तो मुलूख काढून घेतला. सह्या जमल्या होत्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या. 1980 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ही जमीन योग्य मोबदला न देता घेतली, आणि व्याजासकट 10 कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर झाली. लकोटा आणि इतर सू लोकांनी ती नाकारली. त्यांना जमीन हवी आहे. रक्कम सरकारी तिजोरीत वाढत आता 100 कोटींच्या पलीकडे गेली आहे.

चुनखडी

इमारतींवर कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं सविस्तर. लारामीला आज जे पांढरट अवशेष माळावर उभे दिसतात, ते दगडाचे नाहीत, मातीचेही नाहीत. ते चुन्याचं काँक्रीट आहे. 1870 आणि 80च्या दशकात सैन्याने तिथे त्याचाच धडाका लावला: 1873 चं इस्पितळ, 1874 ची घोडदळाची बराक, 1881 ची अधिकाऱ्यांची घरं.

पद्धत अशी. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजायची. शुद्ध दगड असेल तर 100 किलोंचे 56 किलो उरतात, बाकी वायू होऊन जातो. मग पाणी घालून ती विरवायची. त्यात नदीची वाळू आणि गोटे मिसळायचे, दोन्ही बाजूंना फळ्यांचा साचा बांधायचा आणि थराथराने ओतत जायचं. थर धरला की साचा वर सरकवायचा. लाकूड फक्त दारं, तक्तपोशी आणि छपराला. साचा पुन्हापुन्हा वापरता येतो, कुशल गवंडी लागत नाही, शिपाई हे काम करू शकतात.

दोष कुठे? चुना हवेतला कर्बवायू घेऊन घट्ट होतो आणि ते बाहेरून आत सावकाश होतं. जाड भिंतीचा गाभा कित्येक महिने कच्चाच राहतो. उशिरा ओतलेल्या भिंतीत पहिल्याच थंडीत पाणी गोठलं की ती आतून भुसभुशीत होते. म्हणून काम उन्हाळ्यात उरकायला हवं. दुसरं, बाहेरून गिलावा आणि सफेदी कायम राखावी लागते. तिसरं आणि सर्वांत मोठं, वरून पाणी लागलं की संपलं. छप्पर गेल्यावर भिंतीच्या माथ्यावर हिम साचतं, दिवसा वितळून आत मुरतं, रात्री गोठतं. हे चक्र वायोमिंगमध्ये एका हिवाळ्यात किती वेळा फिरत असेल, कल्पना करा.

गढीवाट

चुनखडी, डागडुजीत सिमेंट वापरलं तर?

चुनखडी

नुकसान होतं. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि बंदिस्त. भिंतीतली ओल बाहेर पडायला सिमेंटमधून वाट मिळत नाही, ती शेजारच्या मूळ चुन्यातून पडते, क्षार तिथेच साचतात आणि ठिगळ शाबूत राहून भोवतालची जुनी भिंत झडते. आपल्याकडच्या किल्ल्यांवर सिमेंटने सांधे भरलेल्या तटांचे दगड पाहिलेत तर हेच दिसेल. चुन्याच्या वास्तूला चुनाच लागतो. आपल्या गडांवर चुन्याचा घाणा आढळतो, तो बांधकाम संपल्यावरही डागडुजीसाठी कामाचा होता.

तिथे जाणाऱ्यांनी पोस्ट ट्रेडरचं दुकान निवांत पाहावं. एकाच इमारतीत 1849च्या कच्च्या विटा, 1852चा दगड आणि 1883चं चुन्याचं काँक्रीट असे तीन भाग शेजारी शेजारी आहेत. आणि ओल्ड बेडलॅम, 1849 ला सुरू झालेलं अधिकाऱ्यांचं लाकडी दुमजली घर, वायोमिंगमधली उभी असलेली सर्वांत जुनी इमारत मानतात.

धुरा

छपरं का गेली तेही जोडतो. रेल्वे 1867 मध्ये दक्षिणेकडच्या शायेन शहराला पोचली आणि वाट तिकडे सरकली. सोन्याच्या गर्दीमुळे 1876 नंतर काही वर्षं लारामीला पुन्हा वर्दळ आली. नॉर्थ प्लॅटवर त्याच सुमारास बांधलेल्या लोखंडी पुलावरून शायेन आणि ब्लॅक हिल्समधलं डेडवुड यांच्यातल्या घोडागाड्या जायच्या. पण ठाण्याचं काम संपत आलं होतं. मार्च 1890 मध्ये शेवटची फौज निघाली आणि एप्रिलमध्ये इमारतींचा लिलाव झाला. घेणाऱ्यांना हवं होतं ते लाकूड: वासे, फळ्या, दारं, खिडक्या. छप्पर उतरवून नेता येतं. चुन्याच्या भिंती फोडून नेण्यात कुणाला रस नव्हता, म्हणून त्या तशाच उघड्या उरल्या. ठाण्याचा शेवटचा पोस्ट ट्रेडर जॉन हंटन याने काही इमारती विकत घेऊन त्यात बिऱ्हाड केलं, त्या छपरासकट टिकल्या. 1937 मध्ये वायोमिंग राज्याने 214 एकर जागा घेतली, 1938 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. इस्पितळाच्या मोकळ्या भिंती आणि हंटनने राखलेल्या इमारती यांच्यात आज जो फरक दिसतो, तो सगळा एका छपराचा आहे.

लोखंडी पूल अजून उभा आहे, ठाण्याच्या रस्त्यालगतच. गाड्यांना बंद, पायी जाता येतं. कमानीसारख्या वरच्या पट्टीचे तीन गाळे आहेत.